शब्दचर्चा : 'किडनी ५५ टक्के चालते', यातला टक्का आला कुठून?

सातपूरकर
सासऱ्यांचं वय ६८. साखर तपासायला गेलो, तर पॅकेजमध्ये किडनीचीही तपासणी निघाली. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी तो गाळून टाकते) १.४ आणि त्याच्या खालच्या ओळीत ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, ५५. गल्लीतल्या एका जाणकाराने निर्वाळा दिला, "किडनी ५५ टक्के राहिलीय." सासूबाईंनी तिथल्या तिथे वजाबाकी केली, ४५ टक्के गेली म्हणून जाहीर केलं, आणि घरात सुतक! औषधपाण्याचं डॉक्टर बघतील. मला शब्दाचं विचारायचंय. कागदावर टक्क्याची खूण कुठेच नाही. मग हा टक्का कुठून आला, आणि त्याच्या जागी मराठीत काय म्हणावं?

लॅबवाली (नाशिकरोड)
टक्का नाहीच तो. आकड्याच्या पुढे बारीक अक्षरांत एकक छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. किडनी दर मिनिटाला इतके मिलिलिटर गाळते, शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागामागे. तरुण, धडधाकट माणसाचा हा आकडा शंभराच्या आसपास असतो, म्हणून बोलताना 'टक्के' म्हणायची सवय पडली. डॉक्टरही म्हणतात, पेशंटला चटकन समजतं म्हणून. बोलण्यापुरतं चालतं, पण वजाबाकी केली की फसगत. चाळिशीनंतर हा आकडा वर्षाला साधारण एकाने उतरत जातो. ६८ व्या वर्षी १०० ची अपेक्षाच नसते. कुणाचा ८८ आला तर १२ टक्के किडनी गेली, असा अर्थ अजिबात होत नाही.

शिवाय तो आकडा कुणी मोजलेला नसतो. मशीन मोजतं फक्त क्रिएटिनिन. त्यात वय आणि बाई की पुरुष एवढं घातलं की सूत्राने ईजीएफआर निघतो. आधीचा 'ई' अंदाजाचा आहे, तेवढं घरी सांगा. २०२१ चं सूत्र लावलं तर ६८ वर्षांच्या पुरुषाला १.४ वर ५५ च येतो. आता खरी गंमत. त्याच वयाच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ असेल तर तिचाही ५५ येतो! पण १.१ हे बऱ्याच लॅबच्या बायकांसाठीच्या नॉर्मल मर्यादेत बसतं. त्यामुळे तिच्या क्रिएटिनिनपुढे बाण नाही, ठळक अक्षर नाही, आणि त्या घरात सुतकही नाही. सासूबाईंचा रिपोर्ट असेल तर एकदा तो काढून बघा.

जुने मास्तर
क्रिएटिनिन हे नाव मुळात मांसावरून आलं. ग्रीकमध्ये 'क्रिआस' म्हणजे मांस. १८३२ साली शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात क्रिएटिन सापडलं, त्याचंच हे पुढचं भावंड. हे ठाऊक असलं की ताई म्हणतात ते आपोआप उलगडतं. स्नायू जास्त तिथे क्रिएटिनिन जास्त, म्हणून बाई-पुरुषाचा हिशेब वेगळा.

ईजीएफआरला मी 'अंदाजे गाळणवेग' म्हणेन. 'दर' म्हटलं की भाजीचा वाटतो. 'मूत्रपिंड' सगळ्यांना कळतो. 'वृक्क' शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. 'गुर्दा' फारसीतून आला आणि आपल्याकडे मटणाच्या दुकानात राहिला. 'किडनी'शी माझं भांडण नाही.

सातपूरकर
मास्तर, गाळणवेग आवडला. पण मग नुसतं क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी बिघडली, असं म्हणायचं की नाही?

लॅबवाली (नाशिकरोड)
घंटागाडीचं उदाहरण घ्या. कोपऱ्यावर कचरा साठलेला दिसला की आपण म्हणतो, गाडी नीट येत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एखाद्या घरी कचराच जास्त निघत असेल तर? व्यायामशाळेत जाणारा, क्रिएटिनची पावडर खाणारा पोरगा, किंवा आदल्या रात्री मटणावर ताव मारून आलेला माणूस, यांचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही थोडं वर दिसतं. उलट हाडाची काडं झालेल्या आजीचा कचराच कमी. गाडी निम्म्या फेऱ्या चुकवते तरी कोपरा स्वच्छ! म्हणून 'क्रिएटिनिन नॉर्मल' याचा 'किडनी नॉर्मल' असा सरळ अनुवाद करू नये. निम्मी गाळणी मंदावेपर्यंत क्रिएटिनिन गप्प बसू शकतं.

अनुवाद करणारी (म्हसरूळ)
मी आरोग्यपत्रकं मराठीत आणते. माझी डोकेदुखी वेगळीच आहे, 'अक्यूट' आणि 'क्रॉनिक'. पहिल्याला 'तीव्र' म्हणायची प्रथा आहे, पण वाचणाऱ्याला तीव्र म्हणजे 'जोरदार' वाटतं. मूळ अर्थ काही तासांत, दिवसांत उद्भवलेलं असा आहे. आणि क्रॉनिक म्हटलं की लोकांना शेवटची अवस्था वाटते. त्याचा अर्थ फक्त जुनाट! किडनीच्या बाबतीत तर मुदतही ठरलेली आहे. गाळणवेग ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) जाण्यासारखी इजेची दुसरी खूण, आणि तेही निदान ३ महिने टिकलेलं. तेव्हाच क्रॉनिक. मागचा काहीच पुरावा नसताना हातातल्या एकाच रिपोर्टवरून हे विशेषण लावता येत नाही. सातपूरकर, सासऱ्यांचे जुने रिपोर्ट धुंडाळा. दोन वर्षांपूर्वीही ५६-५७ असेल तर गोष्ट निराळी, आणि तेव्हा ८० असेल तर फारच निराळी.

४५ ते ५९ ला 'स्टेज ३ए' म्हणतात. 'स्टेज' ऐकलं की कॅन्सर आठवतो. मी 'टप्पा ३अ' लिहिते, तरी धसका बसतोच.

आणि 'निकामी' हा शब्द तर पत्रकांतून हद्दपार करावा असं माझं मत. निकामी म्हणजे फेकून द्यायची वस्तू. ५५ वाल्या किडनीला कसली निकामी म्हणता!

द्राक्षबागवाला (दिंडोरी)
एप्रिलात खरड छाटणी असते. दिवसभर उन्हात, पाणी पोटात कमी, संध्याकाळी पाठ धरते म्हणून दुखण्याची गोळी. मग कुणाला 'उन्हाळी लागते', लघवी पिवळीजर्द आणि जळजळ. आमचे लोक त्यालाच 'किडनीला गर्मी झाली' म्हणतात. हे एकच का?

लॅबवाली (नाशिकरोड)
नाही दादा. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. ती पाणी कमी पडल्याने होते, तशी जंतूंमुळेही होते. ताप, थंडी, कंबरेत कळ असेल तर लिंबूपाण्यावर थांबू नका. किडनी मंदावते तेव्हा मात्र बहुधा काहीच जळत नाही, दुखत नाही. तुमच्या वर्णनात काळजीची जागा म्हणजे ती गोळी. अंगातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि क्रिएटिनिन झटकन चढतं. म्हसरूळच्या ताईंचा 'अक्यूट' तो हाच. वेळेत गोळी थांबली, पाणी भरून निघालं, तर बहुतेकांचं खालीही येतं.

अशा वेळी लघवीच्या रिपोर्टवर विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या आसपास दिसतं, म्हणजे लघवी दाट. दाट लघवीत प्रोटीन 'ट्रेस', म्हणजे अगदी किंचित, आलं तर मी फारसं मनावर घेत नाही. पातळ, पाण्यासारख्या लघवीत तोच 'ट्रेस' आला तर घेते.

पंचवटीकर
आमच्या रिपोर्टवर प्रोटीनपुढे 'ॲबसेंट' होतं. आई विचारते, कोण गैरहजर?

जुने मास्तर
निरंक म्हणा. सरकारी तक्त्यांतला शब्द आहे, पण इथे चपखल बसतो.

अनुवाद करणारी (म्हसरूळ)
'ट्रेस'ला मी 'लेशमात्र' केलं होतं, संपादकांनी 'अत्यल्प' केलं. आणि 'मायक्रोअल्ब्युमिन'चं काय करायचं? 'सूक्ष्म अल्ब्युमिन' लिहिलं तर अल्ब्युमिनची काही छोटी जात असावी असं वाटतं.

लॅबवाली (नाशिकरोड)
अल्ब्युमिन तेच, फक्त प्रमाण थोडं. लघवीत बुडवायची साधी पट्टी ते पकडत नाही, म्हणून ते नाव पडलं. आता किडनीच्या मार्गदर्शक सूचनांतही हा शब्द टाळायला सांगतात. 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' लिहा, लांब आहे पण खोटं नाही. लघवी दाट-पातळ असण्याचा घोळही त्यात मिटतो, कारण दोन्ही एकाच नमुन्यात मोजून भागाकार करतात. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त, एकक मिलिग्रॅम दर ग्रॅमला. सातपूरकर, सासऱ्यांना साखर आहे ना? मग ५५ पेक्षा हा आकडा मला आधी बघायला आवडेल. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या.

सातपूरकर
देतो. लघवीच्या कागदावर 'पस सेल्स २-३' पण आहे. सासूबाई म्हणतात पू झालाय.

लॅबवाली (नाशिकरोड)
पू नाही हो! त्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यात दोन-तीन दिसणं नेहमीचंच, पाचापर्यंत कुणी काही म्हणत नाही. जास्त दिसल्या तरी आधी नमुना कसा घेतला ते विचारतो. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत धरायची असते, आणि हे काउंटरवर प्रत्येकाला सांगितलं जातंच असं नाही.