स्वस्त वाइन आणि जेवणाची जोडी: खरंच काही असतं की नुसता आव?

सरळसोट
एकदाचं बोलूनच टाकतो. अलीकडे ओळखीतल्या तिघांनी घरी 'टेस्टिंग' ठेवलं. दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरच्या सहा बाटल्या, त्यांना फडकी गुंडाळलेली, हातात वही-पेन, आणि पेल्यात नाक खुपसून एकजण म्हणतो, "मला ओल्या दगडाचा वास येतोय." अरे, दगड हुंगायला कधी गेला होतास तू?

स्वस्त वाइन ती स्वस्त वाइन. लाल असेल तर तुरट, पांढरी असेल तर आंबट, विषय संपला. तिच्याबरोबर काय खावं याचे तक्ते करणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला सोन्याची बटणं लावणं. आणि पुरावा हवा तर घ्या: २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे आणि मंडळींनी पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून ती वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. पोरांनी बिनदिक्कत लाल वाइनचे वास लिहून काढले. शिकणाऱ्यांची ही गत, तर आपण कोण लागून गेलो?

बूचबहाद्दर
एरवी असल्या पोस्टी सोडून देतो. पण आज हात शिवशिवतायत, तेव्हा सविस्तर.

आधी तुमचा पुरावा. ब्रोशेंच्या चाचणीतून काय निघालं? डोळा नाकाला फसवतो. मग त्यावर उपाय काय? बाटली झाका! म्हणजे ज्या फडक्यांची तुम्ही पहिल्या परिच्छेदात टिंगल केलीत, त्यांचीच वकिली दुसऱ्या परिच्छेदात करून बसलात. अभिनंदन.

आता 'सगळ्या स्वस्त वाइन सारख्याच' हे. २००८ साली सहा हजारांहून जास्त झाकून घेतलेल्या चाखण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत माहीत नसताना साध्या लोकांना महागडी वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. सारख्याच असत्या तर निवड तरी कशाची केली असती?

पण माझा खरा मुद्दा जोडीचा. ओला दगड, जुनं चामडं वगैरे सोडून द्या. जोडी म्हणजे मीठ, आंबट, स्निग्ध, गोड आणि तिखट, एवढाच खेळ. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या करून बघा. सगळ्यात आंबट, डोळे मिचकवायला लावणारी पांढरी वाइन घ्या. एक घोट. मग लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा आणि लगेच दुसरा घोट घ्या. तीच वाइन एकदम गुळगुळीत लागते. नंतर चमचाभर मध खाऊन तिसरा घोट घ्या. आता तीच पाणचट आणि कडवट. बाटली तीच, पेला तोच, बदललं ते तोंड.

मागे एक लाल बाटली मी मोरीत ओतायला निघालो होतो. इतकी तुरट की जिभेवर पोतं घासल्यासारखं वाटावं. (तुरटपणा म्हणजे दुसरं काय, वाइनमधली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातलं वंगण जातं.) शेगडीवर मटणाचा रस्सा होता, वर तेलाचा तवंग. एक चमचा तोंडात घातला, मग घोट घेतला. कडा गेल्या. पुन्हा चमचा, पुन्हा घोट. बाटली मोरीत गेली नाही, एवढं सांगतो.

महागड्या वाइनला जेवणाची एवढी गरज नसते, ती एकटी उभी राहते. जोडी लागते ती स्वस्तालाच. तुम्ही बरोबर उलटं म्हणताय.

अर्धा_पेला
+१. आणि दगडाचं म्हणाल तर पहिल्या पावसाचा वास येतो ना तुम्हाला? त्याला १९६४ साली दोघा ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 'पेट्रिकोर' असं रीतसर नाव दिलं, आणि त्या शब्दात दगडच आहे. हुंगलाय तुम्हीही, फक्त लिहून ठेवला नाहीत.

सरळसोट
पावसाचा वास पावसात येतो, बाटलीत नाही.

बूचबहाद्दर, तुम्ही निबंध लिहिलात, मीही एक आकडा देतो. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या परीक्षकांना एकच वाइन न सांगता तीन वेळा दिली. तिन्ही वेळा साधारण तेच गुण देणारे निघाले जेमतेम दहा टक्के. बाकीच्यांपैकी काहींनी तर त्याच वाइनला थोड्या वेळाने भलतेच वेगळे गुण दिले. आणि तुमच्या घरच्या वहीत सहापैकी साडेसात वगैरे!

नाकतोडा
जोड्या राहू द्यात हो बाजूला. स्वस्त वाइनमध्ये सल्फाइट, म्हणजे ती टिकवायचं रसायन, ठासून भरलेलं असतं त्याचं बोला ना कोणीतरी. दोन पेले घेतले की दुसऱ्या दिवशी डोक्यात घण पडतात. महागाची घेतली तर काही होत नाही. हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

शंकासूर
लाल वाइननं दुखतं की पांढऱ्या?

नाकतोडा
लाल. का?

शंकासूर
कारण युरोपात कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) लाल वाइनला लिटरमागे १५० मिलीग्रॅम सल्फाइटची मर्यादा आहे आणि कोरड्या पांढरीला २००. म्हणजे सल्फाइट दोषी असतं तर पांढरीनं जास्त दुखायला हवं. सुक्या जर्दाळूंना तर किलोमागे २,००० पर्यंत मुभा आहे. जर्दाळू खाऊन कधी डोकं धरून बसलात? दमेकऱ्यांना सल्फाइटचा खरोखर त्रास होऊ शकतो, ते वेगळं. पण डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडायला आधार फार लंगडा आहे.

नाकतोडा
डोकं माझं दुखतं, तुमचं नाही. आकडे माझ्या कपाळाला बांधून काय उपयोग? मैत्रिणीकडे गेले होते, खोक्यातली वाइन होती. रात्री दीड वाजता उठून बसले, अंधारात ओला रुमाल डोक्यावर. तिसऱ्या आठवड्यात दुसरीकडे चांगल्यातली प्यायले, काहीही झालं नाही. हा पुरावा नाही तर काय आहे?

ओसरी
खोक्यातली म्हणजे नळ सोडला की येते ती ना? मग किती प्यायलात ते मोजलं होतंत का, ताई? बाटली रिकामी झालेली दिसते, खोकं रिकामं झालेलं दिसत नाही. आमच्याकडे याच कारणानं खोकं बंद झालं. 'दोनच पेले' म्हणता म्हणता यांचे पाच व्हायचे.

नाकतोडा
मला मोजता येतं.

तळघर
खोक्यातली वाइन हा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही. स्वस्त वाइनमधली ओकच्या पिंपाची चव म्हणजे टाकीत बुडवलेले लाकडाचे तुकडे. चहाच्या पिशवीसारखे! युरोपनंही २००६ मध्ये त्याला परवानगी देऊन टाकली. वर उरलेली साखर ठेवून खोट झाकायची. तिला कसली जोडी लावताय?

अर्धा_पेला
तळघर, मागच्या महिन्यात तुम्हीच लिहिलं होतंत की जेवणाबरोबर वाइनपेक्षा ताक बरं. आता वाइनची बाजू घेऊन आलात?

तळघर
चांगल्या वाइनची. फरक कळत असेल तर.

बूचबहाद्दर
लाकडाचे तुकडे म्हणे! नवं पिंप घ्यायचं तर खर्च त्या वाइनच्या किमतीतच चढतो, तो द्यायचा नसेल तर तुकडे वापरतात. त्यात लपवाछपवी काय? आणि साखरेचं म्हणाल तर तिखट जेवणाबरोबर तीच उपयोगी पडते. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. तिथे जरा गोडसर, कमी अल्कोहोलची, थंडगार वाइनच चालते. तुमच्या तळघरातली साडेचौदा टक्क्यांची लाल मिरचीबरोबर पिऊन बघा, आग विझवायला मग ताकच लागेल.

शंकासूर
नाकतोडाबाई, तुमच्यासाठी एक बातमी, आवडणार नाही. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एक अंदाज मांडला. लाल द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य शरीरात गेलं की त्याचं जे रूप बनतं, ते दारू पचवणाऱ्या एका विकराला अडवतं. त्यामुळे दारू पचताना बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं आणि डोकं ठणकतं. आता गंमत बघा: वेलीवर ज्या घडांना ऊन जास्त लागतं त्यांच्यात क्वेर्सेटिन जास्त. आणि घडांभोवतीची पानं खुडून ऊन देण्याची हौस कोणाला? महागड्या लाल वाइनवाल्यांना. म्हणजे हे खरं ठरलं तर स्वस्तातलीनं कमी दुखायला हवं. अर्थात हे प्रयोगशाळेतलं, माणसांवरची चाचणी तेव्हा व्हायची होती. पण सल्फाइटपेक्षा बरं.

नाकतोडा
म्हणजे मी खोटं बोलते?

शंकासूर
म्हणजे तुमचं डोकं खरं दुखतं, कारण चुकीचं सांगताय.

नाकतोडा
बघा, हा सूर! असल्या सुरामुळे बायका इथे लिहीत नाहीत. मी साधी तक्रार केली, तुम्ही उलटतपासणी लावलीत.

ओसरी
मी लिहिते आहे की. ताई, राग बाजूला ठेवून एक सांगा, त्या दिवशी जेवला होतात का आधी? मला रिकाम्या पोटी अर्ध्या पेल्यानंही दुखतं, आणि जेवताना पेल्याबरोबर तांब्याभर पाणी ठेवलं तर नाही दुखत. आकडा नाही माझ्याकडे.

नाकतोडा
…जेवण नंतर होतं.

बूचबहाद्दर
वा! जेवणाच्या जोडीवर बोलत होतो, त्याचा दवाखाना झाला आणि शेवटी जेवणावरच येऊन थांबला. आता माझं ऐकणार का कोणी?

सरळसोट, हॉजसनचं मान्य. नाइलाजानं मान्य. कारण आमच्याच घरी हिनं एकदा मला न सांगता एकच बाटली दोन पेल्यांत ओतून दिली. एकाला मी सहा गुण दिले, 'ओबडधोबड' असा शेरा मारला. दुसऱ्याला आठ, शेरा 'समतोल'. ती वही तिनं जपून ठेवलीय, भांडण झालं की काढते. तर गुणांचं थोतांड आहे हे कबूल. जोडीचं नाही.

कारण काही गोष्टी वहीत नाही, तोंडात कळतात. लाल वाइन आणि मासे घ्या. कधी तोंडात लोखंडी खिळा चघळल्यासारखी चव आली आहे? मला आली आहे, आणि मला वाटलं मासा शिळा. २००९ साली जपानी संशोधकांनी साठाहून जास्त वाइन शिंपल्यांच्या मांसाबरोबर चाखायला दिल्या. वाइनमध्ये लोह जितकं जास्त तितकी ती हिवस चव वाढते, असं निघालं. आणि लोह कमी असलेल्या लाल वाइनही असतात, म्हणजे 'माशाबरोबर लाल नको' हा नियमही अर्धाच. चाखूनच बघावं लागतं. म्हणून ती फडकी, म्हणून त्या सहा बाटल्या.

तळघर
लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवणारे लोक तुम्ही, तुमच्याकडून मी मासे शिकणार नाही.

बूचबहाद्दर
हलकी लाल वीस मिनिटं ठेवतो, उन्हाळ्यात तर नक्कीच. तुरट असेल तर नाही, गारव्यानं तुरटपणा आणखी बोचतो. लाल वाइन 'घरातल्या तापमानाला' प्यावी हा सल्ला निघाला तेव्हाच्या खोल्या गार होत्या. तुमची खोली अठरा अंशांवर असेल तर जरूर बाहेर ठेवा.

सरळसोट
बरं. काल रात्री घरात कोणी नसताना (हे महत्त्वाचं) ते लिंबू-मीठ करून पाहिलं. घरात एक पांढरी पडून होती, कोणीतरी आणलेली, मी तिला 'व्हिनेगरची धाकटी बहीण' म्हणायचो. मीठ-लिंबानंतर ती खरंच निवळली. तीनदा केलं, तीनदा निवळली. मधाचं केलं नाही, मध संपला होता.

म्हणजे एवढंच मान्य की खाण्यानं वाइनची चव बदलते. हे तर कुठल्याही आजीला माहीत असतं, आवळा खाल्ला की पाणी गोड लागतं. त्यासाठी तक्ते, वही, फडकी कशाला? आणि दगड अजूनही आला नाही.

बूचबहाद्दर
"तीनदा केलं." वही ठेवली होतीत की नाही?

सरळसोट
पाकिटाच्या मागे लिहिलं. वही नव्हे.

नाकतोडा
मूठभर जर्दाळू खाल्ले काल, शंकासूरांच्या समाधानासाठी. डोकं दुखलं नाही. म्हणजे सल्फाइट नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. आणि पोटाचं कोणी विचारू नका.