कूलंटनं हात फाटून राहिले, ग्लोव्ह्ज आणि स्किनवाला डॉक्टर सुचवा (बजेट 500)

हिंगणा_सीएनसी: एमआयडीसीत ठेकेदाराकडे लोखंड कापायच्या सीएनसी मशीनवर आहो, कूलंट म्हणजे कापताना थंड ठेवायला सोडतात ते तेल-पाणी हातावर येते. होळीपासून बोटांच्या बेचक्यात लाल फोड, खाज, आता भेगा. सुटीच्या दिवशी बसते, कामावर गेलो की परत. 500 मध्ये डॉक्टर अन् ग्लोव्ह्ज दोन्ही बसवा. कंपनीत सांगू का?

बुटीबोरी_किंग: 500 मध्ये काय येते बे? मी इम्पोर्टेड नायट्राइलचे (रबरासारखे) ग्लोव्ह्ज घेतले, 1800 चे. हात लोण्यासारखे.

खामल्याची_वैनी: आमच्या ह्यांना दुकानातून खाजेची ट्यूब आणली, फरक नाही पडला तर सांगा. मस्त गेलं.

टर्नर_काका: वैनी, त्या ट्यूबात स्टेरॉइड असते. माझं गेलं अन् दुप्पट होऊन आलं, कातडी पातळ झाली ते वेगळं. आणि किंगभाऊ, जॉब पकडणाऱ्या फिरत्या चकजवळ ग्लोव्ह्ज? बोट ओढून नेईल. टाकी साफ करताना, मशीनचं फिरणं बंद असतानाच घालायचे.

बुटीबोरी_किंग: माझं मशीन बंद दाराचं आहे. तुमच्या जमान्यातलं लेथ नाही.

सेफ्टीवाली_ताई: सुटीत बरं, कामावर वाईट, ही कामाचीच खूण. तारखेसह मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, कूलंट घट्ट होतं, मग चावतं. घट्टपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरनं मोजायला सांग. हात थिनरनं धुऊ नको, लोखंडी कीस लागलेल्या वेस्टनं (पुसायच्या सुती चिंध्यांनं) पुसू नको. डॉक्टरकडे कूलंटच्या डब्यावरचं लेबल घेऊन जा, पॅच टेस्टला (ॲलर्जी कशाची ते पाहायच्या चाचणीला) कामी येतं.

मेयोजवळचा: पॅच टेस्ट मे महिन्यात? पाठीला 48 तास पट्ट्या, अंघोळ नाही. आपल्या नागपुरात घामानंच सुटतात. सावजी बंद कर आधी, गरम पडते.

टर्नर_काका: सावजीचा काय संबंध?

सेफ्टीवाली_ताई: पगारातून ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के कापतात ना? मग कार्डावर उपचार फुकट, कंत्राटी असला तरी. आणि कळवायचं तर आहेच: 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत केमिकलनं होणारा त्वचारोग होता. कलम 89 प्रमाणे मॅनेजरनं कळवायचं होतं, तपासणाऱ्या डॉक्टरनंही.

मेयोजवळचा: कायदे बदलले ना? नव्या कामगार संहिता आल्या.

सेफ्टीवाली_ताई: नव्या संहितेतही कळवणं आहेच.

खामल्याची_वैनी: ईएसआयची लाइन पाहिली का? त्यापेक्षा ट्यूब.

टर्नर_काका: मी म्हटलं तेच, ट्यूब नको. आणि लवकर दाखव. एकदा ॲलर्जी बसली की जन्मभर, थेंबभर कूलंटनंही उठते.

हिंगणा_सीएनसी: सगळ्यांचं वाचलं. ग्लोव्ह्ज नाही घेत, ट्यूबही नाही. ईएसआयला गेलो तर ठेकेदाराच्या कानावर जाईल, म्हणून मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या) ओपीडीत केसपेपर काढतो. लेबलचा फोटो घेतला. सुपरवायझरला सध्या सांगत नाही.

सेफ्टीवाली_ताई: मग शेजारच्या मशीनवाल्याचे हात तरी विचार. त्यालाही होत असेल तर तू एकटा नाहीस, दोघं मिळून सांगा.

हिंगणा_सीएनसी: त्याचे तर कोपरापर्यंत आहेत. तो म्हणते घामोळं आहे.

बुटीबोरी_किंग: माझा एक जोड नवाच पडून आहे. 1200 ला देतो, इंबॉक्स कर.