थंडीच्या तोंडावर गोधडी आणि क्रोशाची शाल : सुरुवात कशी करावी?

रानजाई (नाशिक)

दिवाळी आटोपली की आमच्याकडे पहाटेचा गारवा वाढतो आणि मला सुईदोऱ्याची ओढ लागते. यंदा आईच्या तीन जुन्या सुती पाचवारी साड्या काढून ठेवल्या आहेत. त्यांची एका माणसापुरती गोधडी हाताने शिवावी आणि सोबत लोकरीची एक शाल क्रोशाने विणावी, असा मानस आहे. क्रोशाच्या साखळ्या, मुके खांब आणि खांब हे टाके मला येतात. गोधडी मात्र मी केवळ शिवताना पाहिली आहे. थर किती घ्यावेत, धावदोरा कोठून सुरू करावा आणि दोन्ही कामे एकदम हाती घ्यावीत की एकामागून एक, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाकळ (कोल्हापूर)

रानजाईताई, बेत फार चांगला आहे. प्रथम साड्यांचे फॉल उसवा, त्या साध्या पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा आणि कडक उन्हात वाळवा. काठाला जर असेल तर तेवढा भाग कापून टाका, कारण तो अंगाला टोचतो. साडेपाच मीटरच्या साडीचे दोन सारखे तुकडे करून काठाला काठ जोडले आणि ते कापड आडवे दुमडले, तर साधारण १.३७ बाय २.२ मीटरचे दोन थर मिळतात. म्हणजे दोन साड्यांत चार थर होतात, आणि एका माणसाला तेवढे पुरतात. थर वाढवत गेले की ऊब त्याच प्रमाणात वाढेल असे समजू नये. उबेचे खरे काम थरांमध्ये अडकलेली हवा करते, म्हणून फार दाट शिवलेली गोधडी जड होते, पण तितकीशी उबदार होत नाही.

थर जमिनीवर पसरल्यावर मध्यापासून कडेकडे तळहाताने सुरकुत्या सारत न्या आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. या पायरीवर घाई केली तर पुढे चुण्या पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत. मग कडा आत दुमडून धावदोरा कडेपासून सुरू करा. चारही बाजूंनी फिरत, प्रत्येक फेरीत बोटभर आत सरकत मध्यापर्यंत यायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते. सुती दोरा दुपदरी घ्या, सुई लांब पण फार जाड नसलेली निवडा आणि बोटात अंगुस्तान घाला. चार थरांतून दिवसभर सुई ढकलताना त्याची किंमत कळते.

खांबसाखळी (पुणे)

क्रोशाविषयी थोडे लिहिते. दोन्ही कामे एकदम सुरू करण्यास हरकत नाही, किंबहुना ती एकमेकांना पूरकच आहेत. गोधडीला मोकळी जमीन आणि दिवसाचा उजेड लागतो, तर शाल संध्याकाळी खुर्चीत बसून मांडीवर विणता येते. गडद रंगाची लोकर मात्र रात्री घेऊ नये, टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात.

चार पदरी लोकर घेतलीत तर ५ मिलिमीटरची सुई वापरून पाहा. त्या लोकरीला ती जराशी मोठी आहे, पण त्यामुळेच शाल ताठ न होता खांद्यावरून सैल उतरते. आधी दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजावा. सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकत्र रंगवलेले घ्यावेत, कारण त्याच क्रमांकाच्या रंगातही लॉट बदलला की छटा बदलते आणि शालीच्या मधोमध पट्टा दिसू लागतो.

शाल वर जाताना अरुंद होत असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असते. ओळ उलटताना घातलेल्या तीन साखळ्या हा त्या ओळीचा पहिला खांब असतो. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालायचा राहून जातो आणि प्रत्येक ओळीत एक खांब कमी होतो. त्या साखळीत रंगीत दोऱ्याची खूण अडकवून ठेवावी. शाल सुरू करतानाच्या पायाच्या साखळ्या घट्ट पडत असतील तर तेवढ्यापुरती अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी.

सोनचाफा (बेळगाव)

वरील दोघींशी मी सहमत आहे, फक्त थरांबाबत थोडे वेगळे मत मांडते. नाशिक-निफाड पट्ट्यातील जानेवारीची थंडी पाहता तिसरी साडीही आत घालावी. सहा थर हाताने शिवणे कष्टाचे आहे खरे, परंतु साड्या वापरून मऊ झालेल्या असतील तर सुई अडत नाही. तुकडे जोडण्यासाठी शिवणयंत्र खुशाल वापरा, धावदोरा मात्र हाताचाच असू द्या. गोधडी पूर्ण झाल्यावर कडेने जाड सुती दोऱ्याने सारख्या अंतरावर काजटाका घाला आणि त्याच टाक्यांत क्रोशाची सुई घालून मुक्या खांबांची एक ओळ विणा. काठ मजबूत होतो आणि दिसतोही देखणा. तिथे लोकर वापरू नका. गोधडी वारंवार धुतली जाते, तिला सुती दोराच टिकतो.

रानजाई (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. एक शंका उरते. तिसरी साडी मध्यभागी बरीच विरली आहे, ती चालेल का?

वाकळ (कोल्हापूर)

आतल्या थरात अवश्य चालेल. विरलेल्या भागावर मजबूत सुती कापडाचे ठिगळ कच्च्या टाक्यांनी बसवा आणि मगच थर रचा. धावदोऱ्याने ते आपोआप पक्के होईल. वरचा आणि खालचा थर मात्र धडक्या साडीचाच ठेवा.