'सीबीएसई पॅटर्न' आणि पहिलीपासूनचा क्लास

एका पालकांनी विचारलंय की घराजवळच्या शाळेच्या फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलंय, तर पहिलीला प्रवेश घ्यावा का, आणि पहिलीपासूनच खासगी क्लास लावावा का. 'पॅटर्न' म्हणजे संलग्नता, म्हणजे बोर्डाची अधिकृत मान्यता, नव्हे, हे आधी लक्षात घ्या. शाळेकडे संलग्नता क्रमांक मागा आणि तो सीबीएसईच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाशी व पत्त्याशी ताडून पाहा. कधी कधी संस्थेच्या एका शाखेला मान्यता असते आणि दुसरी शाखा तोच क्रमांक छापते. याचा फटका नववीत बसतो, कारण बोर्डाची नोंदणी तिथे होते आणि मुलाचं नाव भलत्याच शाळेतून जातं. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांकही (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) बघा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते.

मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार ते चालत नाही. देणगीचंही तेच.

शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून दुसरी-तिसरीच्या पालकांशी बोला. एका वर्षात वर्गशिक्षिका किती वेळा बदलल्या, हे जरूर विचारा. माहितीपुस्तिकेत ते कधीच नसतं, आणि माझ्या मते इमारतीपेक्षा तेच महत्त्वाचं.

क्लासचं म्हणाल, तर पहिलीला कृपया नकोच. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन, मणी-काड्यांनी बेरीज-वजाबाकी, एवढं घरी पुरतं. पुढे चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी लावायचाच झाला, तर वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, पावती घ्या.