पॉल स्कोफिल्ड यांचे चित्रपट इतके मोजके का?

रंगरसिक:
‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) या चित्रपटातील सर थॉमस मोर या सोळाव्या शतकातील इंग्रज मुत्सद्द्याच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अभिनेते पॉल स्कोफिल्ड यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्यानंतर निर्मात्यांची रीघ लागायला हवी होती. पण त्यांच्या नावावर चित्रपट थोडेच दिसतात. भूमिका आल्या नाहीत, की त्यांनीच घेतल्या नाहीत?

तिसरी घंटा:
त्यांचा ओढा रंगभूमीकडेच होता. मोरची भूमिकाही आधी रंगमंचावरचीच: १९६० मध्ये लंडनला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला त्यांनी ती केली, १९६२ मध्ये तिच्यासाठी टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळवला आणि मगच ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ऑस्कर स्वीकारायलाही ते स्वतः गेले नव्हते. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्याशी त्यांची साथ तर १९४५ पासूनची, बर्मिंगहॅम रेपर्टरी या नाट्यसंस्थेतल्या दिवसांपासूनची.

पडद्याआड:
हे सारे मान्य, पण या निवडीची किंमत आपण प्रेक्षक मोजतो आहोत. १९७९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘अमेडियस’ नाटकातील सालिएरी, म्हणजे मोझार्टचा मत्सर करणारा संगीतकार, त्यांनी साकारला. चित्रपटात मात्र ती भूमिका एफ. मरे अब्राहम यांच्याकडे गेली आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. शेक्सपिअरच्या ‘किंग लियर’मधला स्कोफिल्ड यांचा लियर निदान पडद्यावर उरला, कारण ब्रूक यांनी १९६२ च्या स्ट्रॅटफर्डमधील प्रयोगानंतर १९७१ मध्ये त्याचा कृष्णधवल चित्रपट केला. हा लियर केविलवाणा म्हातारा नाही. तो कठोर, रुक्ष आणि हुकूम सोडण्याची सवय जडलेला राजा आहे, त्याचे सरदार खरोखरच धुडगूस घालतात आणि त्यामुळे थोरल्या मुलींची तक्रार काही काळ तरी रास्त वाटू लागते. संहितेला बरीच कात्री लागली आहे, हे मात्र खटकते.

रंगरसिक:
आभार. त्यांनी ‘सर’ हा किताब नाकारला, तोही याच अलिप्तपणापायी का?

तिसरी घंटा:
सरसकट तसे म्हणता येणार नाही. ‘सर’ नाकारणाऱ्या स्कोफिल्ड यांनी २००१ मध्ये ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हा सन्मान स्वीकारला. नावाआधी ‘सर’ ही उपाधी लावणे तेवढे त्यांना नको होते. चित्रपटांनाही त्यांनी पाठ फिरवली नव्हती. ‘क्विझ शो’ (१९९४) मधील मार्क व्हॅन डोरेन या प्राध्यापक पित्याच्या भूमिकेने त्यांना पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. मुलाने दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत केलेली लबाडी बापाला कळते, तो प्रसंग जरूर पाहावा. मोर आवडला असेल, तर हा बापही आवडेल.