मोबाईलवर टॅब बंद पडण्याचं कारण फाइलचा आकार नव्हे

जीएफएस या अमेरिकी हवामान-अंदाज मॉडेलच्या नकाशांच्या २०९ फ्रेम (१२० तासांपर्यंत तासागणिक, पुढे ३८४ पर्यंत दर तीन तासांनी) एकदम लोड केल्या की मोबाईलवर टॅब बंद पडतो, असं का, हे एकाने विचारलंय. फाइलचा आकार इथे फसवतो. १००० × १००० पिक्सेलचं चित्र फाइल म्हणून ८० केबीचं असलं, तरी डीकोड झाल्यावर (दाखवण्यासाठी पूर्ण उलगडल्यावर) मेमरीत ४ एमबी घेतं. २०९ चित्रांचे ८३६ एमबी झाले! फाइली कॅशमध्ये राहू द्या, डीकोड केलेल्या फ्रेम मात्र चालू फ्रेमच्या आजूबाजूच्या पाच-सहाच ठेवा. इमेजबिटमॅप (ब्राउझरमधलं डीकोड केलेलं चित्र) वापरत असाल तर मागे पडलेल्यांवर 'क्लोज' न विसरता कॉल करा, नाहीतर मेमरी वेळेवर सुटत नाही.

फ्रेम या क्रमाने लोड करा: आधी चालू तास, मग पुढचे सहा, मग दर सहावा. स्लायडर सरकला की जुन्या रिक्वेस्ट अबॉर्टकंट्रोलरने (रिक्वेस्ट मध्येच थांबवण्याची ब्राउझरची सोय) तोडा.

पावसाच्या नकाशाला जेपीईजी नकोच. रंगांच्या कडा पसरतात आणि मिलिमीटर चुकीचे वाचले जातात. ८-बिट पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी घ्या.

यूआरएलमध्ये रनची (मॉडेल ज्या वेळेपासून चालवलं त्या फेरीची) तारीख-वेळ घाला (०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे ५:३०), मग 'इम्युटेबल' (फाइल कधीच बदलणार नाही असं सांगणारी) कॅश बिनधास्त लावता येते.

आणि गोव्यासाठी अख्खा भारत कशाला? किनारा आणि लगतचा अरबी समुद्र सर्व्हरवरच कापून द्या. मालीम जेटीवरच्या ट्रॉलरवाल्याला तेवढाच लागतो, आणि पावसात सत्तरी तालुक्यात रेंज डळमळली तरी हलकी फाइल पोचते.