मदत हवी आहे: टाऊ आणि मॅप४ ही प्रोटीन्स एकच काम करतात, मग पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाच्या बाबतीत उलटे का वागतात?

नमस्कार मंडळी, सोमवारी सेमिनार आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये. विषय मायक्रोट्यूब्यूलला चिकटणारी प्रोटीन्स आणि कॅन्सर. टाऊ म्हटलं की आपल्याला अल्झायमरच आठवतो, मलाही परवापर्यंत तेवढंच माहीत होतं.

बेसिक कळलंय. मायक्रोट्यूब्यूल म्हणजे पेशीतली, ट्यूब्युलिन या प्रोटीनची साधारण २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी, सारखी वाढते नि ढासळते, पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारा सांगाडा (स्पिंडल) याच नळ्यांचा. पॅक्लिटॅक्सेल नळी गोठवतं, व्हिनक्रिस्टीन हे दुसरं कॅन्सरचं औषध ती बनूच देत नाही, दोन्हीकडून विभाजन अडकतं. मॅप४ आणि टाऊ दोघंही नळीला आधार देतात.

आता घोळ असा की मॅप४ जास्त असलेल्या पेशींवर पॅक्लिटॅक्सेल जास्त चालतं आणि व्हिंका गटातली (व्हिनक्रिस्टीनसारखी) औषधं कमी, वर पी५३ हा गाठी रोखणारा प्रोटीन मॅप४ ला दाबून ठेवतो म्हणे, इथवर ठीक. पण २००५ चा ब्रेस्ट कॅन्सरचा पेपर सांगतो की टाऊ कमी असेल तर पॅक्लिटॅक्सेल जास्त चालतं! काम एकच तर निकाल उलटा कसा? माझं काही चुकतंय का?

प्रतिसाद १:
चुकत नाहीये, फक्त 'आधार देतात' म्हणून दोघांना एका पोत्यात घातलंयस. मॅप४ वाढला की तयार नळ्या वाढतात, आणि पॅक्लिटॅक्सेलला बसायला नळीच लागते. टाऊचं वेगळं, त्याच पेपरमध्ये ट्यूब्युलिनला आधी टाऊ लावून बघितलाय, मग औषध कमी चिकटलं. म्हणजे टाऊ कमी तर औषधाला जागा जास्त.

प्रतिसाद २:
शिवाय इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रोटीन असलेल्या) गाठींमध्ये टाऊ बऱ्याचदा जास्त असतो आणि त्या गाठी केमोला तशाही कमी दाद देतात, त्यामुळे सगळं खापर टाऊवर फोडू नकोस, सर हमखास हेच विचारतील. आणि मार्क काइनेजने (प्रोटीनला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) फॉस्फेट लावला की टाऊ नळीवरून सुटतो, म्हणजे पेशीत किती आहे आणि नळीवर किती बसलाय हे दोन वेगळे आकडे.

धागाकर्ता:
अरे हो, हे डोक्यातच आलं नव्हतं, दोघांनाही थँक्स! मग गाठीच्या साध्या स्टेनिंगमध्ये (रंग देऊन प्रोटीन बघणं) दिसतो तो सगळा टाऊ धरायचा का फॉस्फो-अँटिबॉडी (फक्त फॉस्फेट लागलेला टाऊ ओळखणारी) लावून वेगळं बघावं लागेल? कोणी केलंय का हे?